निवडणुकीपुरते निर्वासित : नमःशूद्रांच्या नागरिकत्वाचा हिशेब

निवडणूक जवळ आली की आपल्या देशात दोन शब्द कामाला लागतात. एक ‘घुसखोर’ आणि दुसरा ‘शरणार्थी’. पहिल्याला हाकलून द्यायचे आणि दुसऱ्याला जवळ घ्यायचे, असा सोपा हिशेब सभांमधून मांडला जातो. सीमेपलीकडून आलेला माणूस मुसलमान असेल तर घुसखोर, हिंदू असेल तर शरणार्थी. ऐकणाऱ्याला वाटते की हा सगळा प्रश्न धर्माचा आहे, आणि आपण कोणत्या बाजूला उभे राहायचे एवढेच ठरवायचे आहे.

आमचे म्हणणे वेगळे आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या माणसांचा गेल्या पंचाहत्तर वर्षांचा इतिहास पाहिला तर धर्माच्या या पडद्यामागे जात स्पष्ट दिसते. ज्यांना आज ‘आमचे हिंदू शरणार्थी’ म्हणून मंचावर बोलावले जाते, त्यांत बहुसंख्य नमःशूद्र आहेत. बंगालमध्ये ज्यांना एकेकाळी ‘चांडाळ’ म्हणून हिणवले गेले तोच हा समाज. काँग्रेस, डावे, तृणमूल आणि भाजप या चौघांनीही त्यांच्या मतांवर निवडणुका लढवल्या. नागरिकत्वाचा प्रश्न मात्र प्रत्येकाने पुढच्या निवडणुकीसाठी शिल्लक ठेवला. आणि हा समाज आपल्यासाठी परका नाही. बाबासाहेबांचा संविधान सभेतला पहिला प्रवेश ज्यांच्यामुळे झाला, त्यांची ही पुढची पिढी आहे.

१९४६ चे ऋण

नमःशूद्र हा पूर्व बंगालच्या दलदलीच्या प्रदेशातला शेतकरी, मच्छीमार आणि नावाडी समाज. बाकरगंज, फरीदपूर, जेसोर, खुलना, ढाका या जिल्ह्यांत त्यांची दाट वस्ती. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला फरीदपूर-बाकरगंज भागात त्यांनी सवर्णांच्या घरी आणि शेतावर काम करणे बंद केले होते. आपला मान मिळेपर्यंत हात लावणार नाही, अशी ती भूमिका होती. ओराकांदीच्या हरिचांद ठाकूर (१८१२-१८७८) यांनी मतुआ पंथ उभा केला, ब्राह्मण पुरोहिताची गरज नाकारली. त्यांचे पुत्र गुरुचांद ठाकूर (१८४७-१९३७) यांनी शिक्षणाचा आग्रह धरला, शाळा काढल्या. १९११च्या जनगणनेत ‘चांडाळ’ हे नाव जाऊन ‘नमःशूद्र’ हे नाव अधिकृत झाले. सत्यशोधक चळवळीची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्राला ही गोष्ट ओळखीची वाटायला हवी.

१९४६ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. पुणे करारातून आलेल्या संयुक्त मतदारसंघांत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे उमेदवार काँग्रेसपुढे टिकले नाहीत. मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्याचा रस्ता बंद झाला. बंगालमध्ये फेडरेशनचे एकच आमदार निवडून आले होते, ते म्हणजे बाकरगंजचे जोगेंद्रनाथ मंडल. त्यांनी इतर काही दलित आमदारांना सोबत घेतले आणि जुलै १९४६ मध्ये बंगालच्या विधिमंडळातून बाबासाहेब संविधान सभेवर निवडून गेले.

आपल्या सभांमध्ये असे सांगितले जाते की ‘जेसोर-खुलना मतदारसंघा’ने बाबासाहेबांना निवडले आणि त्याची शिक्षा म्हणून तो भाग पाकिस्तानला देऊन टाकला. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधिमंडळाच्या आमदारांनी निवडले होते, त्यामुळे जिल्ह्याचा असा मतदारसंघ नव्हता. रॅडक्लिफ निवाडा १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झाला. त्यात हिंदूंची संख्या किंचित जास्त असलेला खुलना पाकिस्तानात गेला आणि मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद भारतात राहिला. कलकत्ता बंदराला जीव देणाऱ्या हुगळीच्या पाण्याचा विचार त्यामागे होता. म्हणजे निर्णय झाला तो बंदर आणि नदी पाहून. त्या जमिनीवर राबणाऱ्या नमःशूद्रांना कोणी विचारले नाही, हे सिद्ध करायला सूडाच्या कथेची गरज नाही. आपला युक्तिवाद खरा आहे, त्याला कच्चे खांब लावू नयेत.

फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालमधली जागा संपली आणि ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. पण पहिला दरवाजा उघडला तो पूर्व बंगालच्या दलितांनी, हे विसरता येत नाही.

जोगेंद्रनाथांची कोंडी

मंडल यांचे राजकारण समजून घेतले पाहिजे, कारण आज त्यांच्याच नावाने दलित-मुस्लिम ऐक्याची खिल्ली उडवली जाते. पूर्व बंगालमध्ये जमीनदार बहुतेक सवर्ण हिंदू आणि कुळे मुसलमान किंवा नमःशूद्र. दोन्ही कुळांचे हित एक, या हिशेबाने मंडल मुस्लिम लीगसोबत गेले. बंगालच्या फाळणीला त्यांनी विरोध केला. फाळणी झालीच, तेव्हा आपला समाज जिथे आहे तिथे राहायचे म्हणून ते पाकिस्तानात राहिले. पाकिस्तानच्या संविधान सभेच्या पहिल्या बैठकीचे ते हंगामी अध्यक्ष होते आणि त्या देशाचे पहिले कायदामंत्री. एकाच काळात दोन्ही देशांचे कायदामंत्री शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे होते, ही साधी गोष्ट नव्हे.

१९५०च्या सुरुवातीला पूर्व बंगालमध्ये दंगली पेटल्या. बारिसालसह अनेक ठिकाणी नमःशूद्रांच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. मंडल यांनी ८ ऑक्टोबर १९५० रोजी लियाकत अली खान यांच्याकडे प्रदीर्घ राजीनामापत्र दिले आणि ते कलकत्त्याला आले. तेथे त्यांना ‘जोगेन अली मुल्ला’ म्हणून हिणवण्यात आले. उरलेले आयुष्य त्यांनी निर्वासितांच्या छावण्यांत काम करण्यात घालवले. अनेकदा निवडणूक लढवली, पण पुन्हा निवडून आले नाहीत. १९६८ मध्ये बनगाव येथे त्यांचे निधन झाले.

हिंदुत्ववादी मंडळी मंडल यांची गोष्ट राजीनामापत्रापाशी थांबवतात, कारण तिथे मुसलमानांनी केलेला अन्याय आहे. त्यापुढची अठरा वर्षे ती सांगत नाहीत, कारण तिथे हिंदू बंगालने केलेला अन्याय आहे. आम्हाला दोन्ही सांगायचे आहेत.

कोण आधी आला, कोण नंतर?

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने या स्थलांतरात पहिला प्रश्न विचारावा तो असा : कोण केव्हा आला आणि सोबत काय घेऊन आला? फाळणीच्या आगेमागे जे आले त्यांत जमीनदार, वकील, शिक्षक, कारकून असे सवर्ण ‘भद्रलोक’ मोठ्या प्रमाणात होते. त्यांचे नातेवाईक कलकत्त्यात होते, हाती शिक्षण होते, ओळखी होत्या. जादवपूर परिसरात त्यांनी मोकळ्या जागा ताब्यात घेऊन वसाहती उभ्या केल्या. त्या बेकायदा होत्या, पण टप्प्याटप्प्याने नियमित झाल्या.

नमःशूद्र शेतकरी शेवटपर्यंत जमिनीला धरून राहिला. १९५०नंतर तो लोंढ्याने निघाला तेव्हा त्याच्याजवळ विकण्यासारखे काही नव्हते आणि कलकत्त्यात त्याचा मेहुणा वकील नव्हता. तो सियालदह स्टेशनच्या फलाटावरून कूपर्स कॅम्प, धुबुलिया, बागजोला अशा सरकारी छावण्यांत गेला.

पंजाबच्या निर्वासितांशी तुलना केली तर फरक आणखी ठळक होतो. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांना तिकडे सोडलेल्या मालमत्तेची भरपाई देण्यासाठी १९५४ मध्ये कायदा झाला. पूर्वेकडच्यांना ती मिळाली नाही. ८ एप्रिल १९५०च्या नेहरू-लियाकत कराराचा आधार असा होता की हे लोक परत जातील, त्यांची तिकडची मालमत्ता त्यांचीच राहील. ते परत गेले नाहीत आणि मालमत्ताही राहिली नाही.

नंतर तारखा आल्या. ३१ मार्च १९५८नंतर येणाऱ्याला निर्वासित म्हणून मदत नाही. १९६४च्या दंगलींनंतर पुन्हा दार किलकिले केले, पण पश्चिम बंगालबाहेर जायची तयारी असेल तरच. त्याचीही मर्यादा २५ मार्च १९७१. माणूस मार खाऊन पळतो तेव्हा कॅलेंडर पाहून पळत नाही. परंतु सरकारी दप्तरात त्याची ओळख त्याच्या दुःखाने ठरली नाही, तारखेने ठरली.

दंडकारण्य : एका वंचिताची जमीन दुसऱ्या वंचिताला

१९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. ओडिशातील उमरकोट आणि मलकानगिरी, त्या वेळच्या मध्य प्रदेशातील परलकोट आणि कोंडागाव हे त्याचे मुख्य भाग. रायपूरजवळच्या माना छावणीतून लोकांना पुढे पाठवले जाई. नद्यांच्या गाळात भात पिकवणाऱ्या आणि होडीत वाढलेल्या माणसाला मुरमाड जमिनीवर, जंगलात आणून टाकले. जावे लागले ते छावणीत राहिलेल्यांना, म्हणजे बहुतांशी दलितांना. जादवपूरच्या वसाहतीतल्या कोणाला दंडकारण्यात पाठवले गेले नाही.

आणि ही जमीन रिकामी होती का? ती गोंड, कोया आणि इतर आदिवासींची होती. त्यांना कोणी विचारले नाही. एका वंचित समाजाचे पुनर्वसन दुसऱ्या वंचित समाजाच्या जमिनीवर करायचे आणि पुढची पन्नास वर्षे दोघांना एकमेकांकडे संशयाने बघायला लावायचे, ही राज्यकर्त्यांची जुनी रीत. नमःशूद्रांची बाजू घेताना आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न आम्ही झाकून ठेवणार नाही. दोघांचा गुन्हेगार एकच आहे.

याच धोरणात काही कुटुंबे महाराष्ट्रातही आली. जुन्या चंद्रपूर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत त्यांची गावे आहेत. गोंदियात अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहेत. चंद्रपूर शहरात तर ‘बंगाली कॅम्प’ हे भागाचे नावच होऊन बसले. या गावांतली तिसरी पिढी मराठी बोलते. तरी तिच्या वाट्याला एक विचित्र अन्याय आला आहे. नमःशूद्र ही जात पश्चिम बंगाल, आसाम, ओडिशात अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. अनुच्छेद ३४१ प्रमाणे यादी राज्यनिहाय असते. १९९० मध्ये मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधील प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप सोबत येत नाही. कायद्याचा अर्थ काहीही असो, सरकारने स्वतः उचलून आणलेल्या माणसाची अस्पृश्यता सोबत आली आणि तिच्यावरचा उपाय मात्र मागे राहिला.

मरिचझापी : आश्वासनाची किंमत

विरोधी पक्षात असताना बंगालमधील डाव्यांनी निर्वासितांना बंगालबाहेर पाठवण्याला विरोध केला होता. १९५०च्या दशकात त्यांच्या निर्वासित संघटनेनेच त्यांना कलकत्त्यात पाय रोवायला मदत केली. बंगालमध्येच पुनर्वसन झाले पाहिजे ही त्यांची मागणी. १९७७ मध्ये डावी आघाडी सत्तेवर आली. दंडकारण्यातल्या लोकांना वाटले, आता आपले सरकार आले. १९७८ मध्ये एक लाखाहून अधिक माणसे चंबूगबाळे घेऊन बंगालकडे निघाली.

सरकारने बहुतेकांना परत पाठवले. सुमारे तीस हजार लोक सुंदरबनातील मरिचझापी बेटावर पोहोचले. तेथे त्यांनी सरकारकडे पैसे न मागता बांध घातले, शाळा काढली, दवाखाना सुरू केला, मासेमारी उभी केली. वसाहतीला नेताजी नगर नाव दिले. सरकारचे म्हणणे होते की हे राखीव जंगल आहे, वाघांचा प्रदेश आहे. जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी झाली. अन्न, पाणी, औषध बंद. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्यात वस्ती जाळून, पाडून लोकांना उचलून नेले. सरकारने गोळीबारात दोन मृत्यू मान्य केले. उपासमार, रोगराई, बुडून आणि गोळीने किती गेले याचे अंदाज काही डझनांपासून शेकडो आणि हजारांपर्यंत आहेत. इतकी तफावत राहते, कारण आजवर त्याची नीट न्यायालयीन चौकशीच झालेली नाही. अमिताव घोष यांच्या ‘द हंग्री टाइड’ कादंबरीमुळे जगाला मरिचझापी कळली. आपल्या पुरोगामी वर्तुळात मात्र ती अजूनही फारशी उच्चारली जात नाही.

मित्रांनो, मारणारे सरकार हिंदुत्ववादी नव्हते आणि मरणारे मुसलमान नव्हते. हिंदू निर्वासितांना डाव्या सरकारने मारले. कारण काय? जादवपूरच्या बेकायदा वसाहती नियमित करता येतात आणि मरिचझापी करता येत नाही, यातला फरक कायद्याचा की जातीचा? त्या सरकारचे नेतृत्व ज्या भद्रलोक वर्गातून आले होते, त्याने वर्गाची भाषा बोलत जात पाळली, असेच आम्ही म्हणू.

२००३ : एका व्याख्येने लाखो ‘बेकायदा’

१९७१नंतर आलेले नमःशूद्र उत्तर चोवीस परगणा, नदिया या सीमेलगतच्या जिल्ह्यांत वसले. ठाकूर घराण्यातील प्रमथरंजन ठाकूर यांनी फाळणीनंतर वसवलेले ठाकूरनगर हे मतुआंचे केंद्र झाले. लोकांनी रेशनकार्ड काढले, मतदारयादीत नाव घातले, मुलांना शाळेत घातले. प्रत्येक निवडणुकीत मतदान केले.

मग नागरिकत्व कायद्यात २००३ची दुरुस्ती झाली. वाजपेयी सरकार होते. त्या दुरुस्तीने ‘बेकायदा स्थलांतरित’ अशी व्याख्या आणली : वैध कागदपत्रांशिवाय आलेला किंवा मुदतीनंतर राहिलेला परदेशी. त्यात निर्वासित असा वेगळा वर्ग नाही. असा माणूस नोंदणीने नागरिक होऊ शकत नाही. आणि ही दुरुस्ती लागू झाल्यानंतर, डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे आईबाप यांपैकी एकजण जरी ‘बेकायदा’ असेल तर ते मूलही जन्माने नागरिक नाही. राष्ट्रीय नागरिक नोंदवहीची तरतूदही याच दुरुस्तीतून आली. राज्यसभेत विरोधी पक्षनेते असलेल्या डॉ. मनमोहन सिंग यांनी बांगलादेशातील अल्पसंख्याक निर्वासितांबाबत उदार धोरण ठेवावे अशी सूचना केली. पुढच्याच वर्षी ते पंतप्रधान झाले. दहा वर्षे सत्ता होती. व्याख्या तशीच राहिली.

मतुआ महासंघाने या दुरुस्तीविरुद्ध आंदोलन सुरू केले. तेव्हापासून ठाकूरनगरला नेत्यांची रीघ लागली. २०११च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी डावे, तृणमूल, काँग्रेस, भाजप सर्वांचेच नेते मतुआंच्या मंचावर दिसू लागले. ठाकूर घराण्यातले लोक तृणमूलचे मंत्री झाले, खासदार झाले. पुढे त्याच घराण्यातले शंतनू ठाकूर २०१९ मध्ये बनगावमधून भाजपचे खासदार झाले आणि २०२१ मध्ये केंद्रात राज्यमंत्री. घराण्याला दोन्हीकडे पदे मिळाली. भक्ताला काय मिळाले?

प्रचाराचे वेळापत्रक पाहा

आता तारखा एकाखाली एक ठेवू.

फेब्रुवारी २०१४ : सिलचरच्या सभेत नरेंद्र मोदी सांगतात की बांगलादेशातून आलेल्या हिंदूंना सामावून घेणे ही देशाची जबाबदारी. एप्रिल २०१४ : श्रीरामपूरच्या सभेत तेच सांगतात की निकालानंतर बांगलादेशींनी बोऱ्याबिस्तरा बांधून तयार राहावे. फेब्रुवारी २०१९ : पंतप्रधान ठाकूरनगरला ‘बोडो मां’ बीणापाणी देवींच्या पाया पडतात. एप्रिल २०१९ : अमित शहा बंगालच्या सभेत घुसखोरांना वाळवीची उपमा देतात. डिसेंबर २०१९ : नागरिकत्व सुधारणा कायदा मंजूर. २७ मार्च २०२१ : पंतप्रधान बांगलादेशात ओराकांदीला हरिचांद ठाकूर यांच्या जन्मभूमीवर, आणि त्याच दिवशी बंगालमध्ये विधानसभेच्या पहिल्या टप्प्याचे मतदान. कायद्याचे नियम मात्र चार वर्षे निघाले नाहीत. ते निघाले ११ मार्च २०२४ रोजी. १६ मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाली. पहिली प्रमाणपत्रे वाटली गेली ती मे २०२४ मध्ये, मतदानाचे टप्पे चालू असताना.

यावर वेगळे भाष्य करायची गरज आहे का?

‘कायदा तर तुमच्या नमःशूद्रांसाठीच आहे, मग विरोध का?’

हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर तीन पायऱ्यांनी देऊ.

पहिली गोष्ट, हा कायदा हक्क देत नाही, अर्ज करायला लावतो. अर्जदाराने मान्य करायचे की मी परदेशी आहे आणि अमुक देशातून आलो. मग तिकडचा कागद दाखवायचा. जो माणूस रात्री नदी ओलांडून आला, ज्याचे घर जळले, तो बांगलादेशचा जमिनीचा उतारा कुठून आणणार? अर्ज फेटाळला तर आपल्याच हाताने दिलेल्या कबुलीचे काय? म्हणूनच अनेकजण अर्ज करायला धजावत नाहीत. शिवाय ज्यांच्या मतांवर खासदार निवडून आला ते जर नागरिक नसतील, तर तो खासदार कोणाचा प्रतिनिधी? आणि ते नागरिक असतील, तर अर्ज कशाचा?

दुसरी गोष्ट, कायदा मुसलमानांना वगळतो. आणि वगळण्याचे तत्त्व एकदा मान्य झाले की ते थांबत नाही. आसामचे उदाहरण समोर आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या अंतिम नोंदवहीतून १९,०६,६५७ जण बाहेर राहिले. मोहीम ‘घुसखोर मुसलमान’ या नावाने चालली होती, पण यादीबाहेर बंगाली हिंदूही मोठ्या संख्येने निघाले, त्यांत दलितही. शेजाऱ्यासाठी खणलेला खड्डा अंगणापर्यंत येतो तो असा.

तिसरी गोष्ट, या कायद्यात बौद्धांचेही नाव आहे. म्हणून आम्ही बौद्धांनी समाधानी व्हावे काय? अरुणाचलमधील चकमा बौद्ध आहेत. काप्ताई धरणाने आणि छळाने विस्थापित होऊन ते १९६०च्या दशकात आले, सरकारनेच त्यांना तेथे वसवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये त्यांच्या बाजूने आदेश दिले. पण इनर लाइन परमिट असलेल्या प्रदेशांना हा कायदा लागूच नाही, त्यामुळे अरुणाचल त्यातून बाहेर. कायद्यात बौद्धांचे नाव आहे, पण बौद्ध निर्वासितांची जुनी वस्ती कायद्याबाहेर आहे.

बाबासाहेबांनी कोणती रेघ ओढली होती?

ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाचे अनुच्छेद मांडताना बाबासाहेबांनी सांगितले होते की मसुदा समितीला या कलमाइतका त्रास क्वचितच दुसऱ्या कलमाने दिला. समोर फाळणीची जखम ताजी होती, दोन्ही बाजूंनी माणसे येत होती. त्या चर्चेत आपल्या अमरावतीचे पंजाबराव देशमुख यांनी दुरुस्ती सुचवली की दुसऱ्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदू आणि शीख व्यक्तीला, तो कुठेही राहत असो, भारताच्या नागरिकत्वाचा हक्क असावा. बहुजनांसाठी शिक्षणाची दारे उघडणाऱ्या पंजाबरावांविषयी आम्हाला आदर आहे, पण येथे त्यांची भूमिका संविधान सभेने स्वीकारली नाही. अनुच्छेद ५ ते ११ मध्ये जन्म, वास्तव्य, येण्याची तारीख, परतीचा परवाना या कसोट्या आहेत. धर्म ही कसोटी नाही. पाकिस्तानात जाऊन पुनर्वसनाचा परवाना घेऊन परतलेल्यालाही, तो मुसलमान असला तरी, अनुच्छेद ७ने जागा दिली. त्यावर जोरदार टीका झाली तरी बाबासाहेब मागे हटले नाहीत.

म्हणजे सर्वांत कठीण काळात, दंगलींच्या धुरात बसून जी रेघ ओढली गेली ती धर्माची नव्हती. ती सत्तर वर्षांनी शांत काळात ओढली गेली.

हा प्रश्न बंगालचा आहे असे समजू नका

जुलै १९९८ मध्ये युती सरकार असताना मुंबईतून बंगाली जरी कारागिरांना ‘बांगलादेशी’ म्हणून रेल्वेने सीमेकडे पाठवले जात होते. उलुबेरिया स्टेशनवर जमावाने त्यांना सोडवून घेतले, तेव्हा हे प्रकरण देशभर गाजले. बंगाली बोलणारा मजूर म्हणजे बांगलादेशी, हे समीकरण मुंबईत तेव्हापासून चालत आले आहे. आपल्याही वस्त्यांतली काही तरुण मुले ही घोषणा देताना दिसतात. त्यांना आम्ही एवढेच विचारतो : तुझ्या आजोबांचा १९५०पूर्वीचा कागद कुठे आहे?

हा प्रश्न पोकळ नाही. जात पडताळणीसाठी आपल्याकडे १० ऑगस्ट १९५०पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. भटक्या-विमुक्तांसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१. त्या एका कागदासाठी गावच्या शाळेत, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये किती हेलपाटे पडतात हे प्रत्येक आंबेडकरी घराला माहीत आहे. पारध्याच्या पालावर, ऊसतोडीच्या फडावर जन्मलेल्या मुलाची जन्मनोंद वेळेवर होत नाही. २०२५ मध्ये राज्यात बांगलादेशींच्या नावाने उशिरा नोंदवलेल्या जन्मदाखल्यांची चौकशी सुरू झाली. उशिरा नोंद कोणाची होते, याचा विचार करा. त्याच वर्षाच्या अखेरीस बंगालमध्ये मतदारयाद्यांची विशेष सखोल पडताळणी सुरू झाली. २००२च्या यादीत स्वतःचे किंवा आईवडिलांचे नाव दाखवा, नाहीतर कागद आणा. ठाकूरनगरला पुन्हा घबराट. सप्टेंबर २०२५च्या केंद्राच्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४पर्यंत आलेल्या ठरावीक धर्मांच्या लोकांना कागदाविना राहता येईल असे म्हटले आहे. राहता येईल, पण मत देता येईल का? राहू देणे ही मेहरबानी आहे. नागरिकत्व हा हक्क आहे.

कोणी म्हणेल, मग सीमाच नको का? सीमा असावी, राज्याला तिचे रक्षण करावे लागते, हे आम्ही नाकारत नाही. पण कोण परदेशी हे ठरवण्याची रीत न्यायाची असली पाहिजे. आरोप सरकारने करायचा आणि निर्दोषत्व मजुराने सिद्ध करायचे, ही रीत न्यायाची नाही. आणि ज्याला ठरवायचे आहे त्याने निवडणुकीची तारीख पाहून ठरवू नये.

आपली भूमिका काय असावी?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. २००३च्या दुरुस्तीतील ‘बेकायदा स्थलांतरित’ ही व्याख्या बदलून निर्वासितांना वेगळे स्थान द्या. वर्षानुवर्षे मतदारयादीत असलेल्यांना, छावणीचे आणि पुनर्वसनाचे कागद असलेल्यांना धर्म न विचारता नागरिक माना, त्यांच्याकडून परदेशी असल्याची कबुली घेऊ नका. महाराष्ट्र आणि इतर राज्यांत वसवलेल्या नमःशूद्रांना अनुसूचित जातीचा दर्जा द्या. ज्या आदिवासींच्या जमिनीवर त्यांना वसवले त्या आदिवासींचे हक्क वेगळे आणि पूर्ण मान्य करा. मरिचझापीची न्यायालयीन चौकशी करा.

पुढच्या वेळी कोणी उमेदवार, कोणत्याही पक्षाचा, भीमजयंतीच्या मंचावर येऊन घुसखोरांवर बोलू लागला, तर त्याला याच मागण्यांवर त्याचे मत विचारा. मुलचेऱ्याच्या नमःशूद्र मुलाला जातीचा दाखला कधी मिळणार, ते विचारा. १९४६ मध्ये त्या मुलाच्या पणजोबांच्या समाजाने आपल्याला काही मागितले नव्हते. बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले आणि ते आपल्या वाटेने गेले. त्यांच्या वाटेत पुढे काय काय आले ते वर लिहिले आहे. आता बोलायची पाळी आपली आहे.

जय भीम!